जुन्या ज्वालामुखी खडकांत तांबं-जस्त शोधायला निघालेल्यांसाठी

एमएस्सी जिऑलॉजीचा निकाल लागतो, ऑफर लेटर येतं आणि पहिल्या फील्ड सीझनला निघायच्या आधी पोरांचा फोन येतो: "सर, तांबं-जस्ताचं प्रोजेक्ट आहे, ज्वालामुखी खडकातलं. नेमकं बघायचं काय?" कोणी बैतूलला निघालेलं असतं, कोणी थेट कॅनडातल्या ऑन्टारिओ नाहीतर क्युबेकला. दोघांनाही मी जवळपास तेच सांगतो. आता लिहूनच काढतो, म्हणजे फोनवर फक्त बूट कुठले घ्यायचे ते विचारा.

पहिलं सांगणं असं की ओअर शोधायला जाऊ नका. ओअर, म्हणजे पुस्तकी मराठीतलं धातुक, फार लहान असतं. चांगल्या चालत्या खाणीचा गोळासुद्धा नकाशावर दोन-चारशे मीटरचा. पण तो तयार होताना जे गरम पाणी खडकातून फिरलं, त्याने आजूबाजूचा खडक किलोमीटरभर बदलून ठेवलेला असतो. ते पाणी कुठून वर चढलं आणि कुठे बाहेर पडलं, हे शोधायला जा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच वाटेच्या आहेत.

आधी समुद्रतळ डोळ्यांसमोर आणा

१९७९ साली 'अल्विन' ही पाणबुडी पूर्व पॅसिफिकमध्ये २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ तळाशी उतरली, तेव्हा आतल्या शास्त्रज्ञांना काळा धूर ओकणारी धुराडी दिसली. त्यातून येणारं पाणी साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. वर अडीच किलोमीटर समुद्राचा दाब असल्यामुळे ते उकळत नव्हतं. धूर म्हणजे सल्फाइडचे, धातू आणि गंधकाच्या संयुगांचे, बारीक कण. तांबं, जस्त आणि लोखंड विरघळवून आणलेलं पाणी थंड समुद्रात शिरलं की धातू जागच्या जागी बाहेर पडतात.

आपण जे शोधतो ते हेच, फक्त अब्जावधी वर्षं जुनं. समुद्राचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, खालच्या मॅग्माच्या उष्णतेने तापतं, लाव्हाच्या थरांतून धातू धुऊन घेतं आणि एखाद्या फॉल्टच्या (खडक सरकून झालेल्या भेगेच्या) वाटेने परत वर येतं. घरी पाणी तापवायचा बंब असेल तर त्याच्या नळीत साचलेला क्षार आठवा. पाणी तेच, पण जिथे त्याचं तापमान बदललं तिथे थर धरला.

हे पाणी खडकावर क्रमाने खुणा सोडतं. तांब्याला जास्त उष्णता लागते, म्हणून त्याचं सल्फाइड, चाल्कोपायराइट, तळाशी आणि मधोमध साचतं. जस्त थोड्या कमी तापमानालाही पाण्यात विरघळलेलं टिकतं, म्हणून त्याचं सल्फाइड, स्फॅलेराइट, वर आणि कडेला. गोळ्याच्या खाली, जिथून पाणी चढलं त्या नळीत, चाल्कोपायराइटच्या वेड्यावाकड्या शिरांचं जाळं असतं. त्याला स्ट्रिंगर झोन म्हणतात. नळीचा गाभा क्लोराइट या हिरव्या खनिजाने काळपट हिरवा होतो, त्याच्या बाहेर सेरिसाइटचा, म्हणजे बारीक अभ्रकाचा फिकट, रेशमी चकाकीचा पट्टा. या सगळ्या भागात फेल्डस्पार मोडतो आणि त्यातलं सोडियम पाण्याबरोबर निघून जातं. हे सोडियमचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे दरवेळी कोणीतरी विचारतं, मग आपला सह्याद्री? अख्खा महाराष्ट्र ज्वालामुखी खडकावर बसलाय की! बसलाय, पण दख्खनचा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वी बहुतांशी जमिनीवर ओतला गेला. घाटात दोन प्रवाहांच्या मध्ये दिसणारे लाल मातीचे थर ही उघड्या जमिनीची खूण. वर समुद्र नाही, म्हणजे पाणी फिरवणारी ती यंत्रणा नाही. त्यामुळे अशा साठ्यांसाठी सह्याद्रीत वेळ घालवू नका. नागपूर-भंडाऱ्याकडचा साकोली पट्टा वेगळा. ते खडक दख्खनपेक्षा फार जुने आहेत आणि कोलारी परिसरात जस्त सापडलेलं आहे. सातपुड्यापलीकडे बैतूल पट्ट्यातही तसंच, बेसॉल्ट आणि रायोलाइट (सिलिका जास्त असलेला फिका ज्वालामुखी खडक) शेजारी-शेजारी आणि त्यांत जस्त-तांब्याची ठिकाणं. त्या पट्ट्याचा काही भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकला गेलाय, म्हणजे आपला सह्याद्रीवाला खडक तिथे उलट आडवाच येतो.

खुर्चीत बसून करायचं काम

नव्यांना जंगलात जायची घाई असते. पहिले तीन आठवडे कॉम्प्युटरसमोर घालवा. ऑन्टारिओत कंपन्यांनी केलेल्या कामाचे अहवाल सरकारकडे जमा होतात आणि ठरावीक काळानंतर कोणालाही फुकट वाचता येतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या ड्रिल होलचे टाइप केलेले लॉग, म्हणजे किती खोलीवर कुठला खडक लागला त्याच्या नोंदी, त्यात मिळतात. भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचं भूकोश पोर्टल आहे आणि २०२३च्या अखेरीला सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही आहे. त्याच वर्षीच्या कायदा-दुरुस्तीने तांबं आणि जस्त धरून २९ खनिजांसाठी खासगी कंपन्यांना एक्स्प्लोरेशन लायसन्सची वाट मोकळी केली. बैतूलला निघालेल्यांनी ते नियम एकदा नीट वाचावेत.

वाचताना मी चार गोष्टी शोधतो. बेसॉल्ट आणि रायोलाइट एकमेकांना भेटतात ती सीमा. रायोलाइटचे घुमट, कारण तिथे खाली उष्णता होती. लाव्हाच्याच वयाचा, तिच्या खाली घुसलेला ग्रॅनाइटसारखा मोठा गोळा, चूल ती. आणि चौथी, सगळ्यांत कामाची: दोन लाव्हांच्या मधला चर्ट (गारगोटीसारखा कठीण खडक), बारीक राख आणि सल्फाइडचा पातळ थर. ज्वालामुखी काही काळ गप्प बसला आणि तेवढ्या वेळात धुराडी चालू राहिली, त्याचा तो पुरावा. काही ठिकाणी हा थर जेमतेम मीटरभर जाड असतो, पण किलोमीटरच्या किलोमीटर चालत जातो आणि एकाच थरावर अनेक साठे मण्यांसारखे ओवलेले असतात. क्युबेकमध्ये नोरांडाच्या आसपास असे वीसेक साठे एकाच परिसरात सापडले. म्हणून जिथे एक सापडलं तिथे दुसरं शोधणं हा आळस समजू नका, तोच शहाणपणा आहे.

जुन्या लॉगमध्ये "काळा हिरवट स्किस्ट, ठिपके असलेला" असं काही वाचलं तर पेन्सिलने गोल करा. त्या माणसाने तांबं नाही म्हणून होल सोडून दिलं असेल, पण ते होल नळीतून गेलं असण्याची शक्यता आहे.

पायी फिरणं

ऑन्टारिओ-क्युबेकच्या अबिटिबी पट्ट्यात खडक साधारण २७० कोटी वर्षं जुने आहेत. हिमनद्यांनी वरचा कुजलेला थर खरवडून नेला, त्यामुळे दिसतो तो खडक ताजा असतो, पण दिसतोच कमी. ऑन्टारिओतल्या टिमिन्सच्या उत्तरेला जुन्या हिमसरोवराच्या चिकणमातीखाली सगळं गाडलं गेलंय. दिवसभर चालून दोन आऊटक्रॉप, म्हणजे उघडे पडलेले खडक, मिळाले तर चांगला दिवस. मॉसची चादर हाताने सोलायची, खालचा खडक ब्रशने घासायचा, पाणी मारायचं आणि मग बघायचं. हातोडा नंतर. आधी हातोडा मारणाऱ्याला पिलो दिसत नाहीत.

पिलो म्हणजे पाण्यात ओतलेल्या लाव्हाच्या उशा. बघितल्या नसतील तर कॅनडापर्यंत जायची गरज नाही. कर्नाटकात चित्रदुर्गाजवळ मरडिहळ्ळीचे पिलो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहेत. तिथे एक दिवस घालवा. प्रत्येक उशीची वरची बाजू फुगीर असते आणि खालची बाजू शेजारच्या दोन उशांच्या फटीत शेपटीसारखी टोकदार उतरलेली. त्यावरून तेव्हाचं 'वर' कुठे होतं ते कळतं.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण हे थर आता आडवे नाहीत. अबिटिबीत बहुतेक ठिकाणी ते जवळपास उभे आहेत, काही ठिकाणी उलटेसुद्धा. तुम्ही स्ट्रिंगर झोनवर उभे आहात आणि पिलोची शेपटी दक्षिणेला आहे, तर त्या काळचं 'वर' उत्तरेला, म्हणून गोळा उत्तरेला. दिशा चुकली तर ड्रिल नळीच्या तळाकडे जाईल आणि अहवालात "भरपूर क्लोराइट, ओअर नाही" असं येईल. माझ्या दुसऱ्या सीझनला आम्ही एका ग्रिडवर हेच केलं. दोन होल वाया गेले. चूक माझ्या नकाशातल्या एका उलट्या बाणाची होती. तेव्हापासून मी एका आऊटक्रॉपवर किमान पाच पिलो मोजतो आणि पाचांपैकी चार एकाच दिशेला बोलले तरच बाण काढतो.

दुसरी गोष्ट, ठिपके. क्लोराइट झालेला खडक नंतर जमिनीत खोल दाबला-तापवला गेला की त्यात कॉर्डिएराइट, अँथोफिलाइट, गार्नेट ही खनिजं उगवतात. नोरांडात अशा कॉर्डिएराइटचे टपोरे ठिपके असलेल्या खडकाला जुने खाणवाले 'डाल्मेशियनाइट' म्हणतात, डाल्मेशियन कुत्र्यावरून. राजस्थान-गुजरातच्या सीमेवर अंबाजी-देरीला कॉर्डिएराइट-अँथोफिलाइट खडक आहेत, तेही याच कुळातले. बैतूलमध्ये गॅनाइट बघा: जस्ताचा स्पिनेल, गडद हिरवा, कठीण, झिजत नाही. नाल्याच्या वाळूत तो मिळाला तर वरच्या अंगाला कुठेतरी जस्त आहे.

भारतात गोसान मिळतो. सल्फाइड कुजून झालेली लाल-तपकिरी, मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र टोपी. पण प्रत्येक लाल दगड गोसान नसतो, आपल्याकडे जांभा भरपूर आहे. फोडून आत चौकोनी पोकळ्या आहेत का बघा. पायराइटचे (लोखंडाच्या सल्फाइडचे) घन निघून गेले की त्या राहतात. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अंबाजी परिसरात जुन्या काळच्या खाणींचे खड्डे आणि भट्टीची मळी आहे. आपल्या आधी कोणीतरी तांबं काढून गेलंय, हे कुठल्याही सर्व्हेइतकंच भक्कम निदान.

फिनलंड-स्वीडनकडे तिसरी पद्धत चालते. हिमनदीने ओअरचे धोंडे वाहून नेलेले असतात, त्यांचा माग उलटा काढायचा. फिनलंडच्या औटोकुंपूचा साठा असाच मिळाला: १९०८ला एक तांबेरी धोंडा सापडला आणि १९१०ला त्याचं मूळ. साठच्या दशकात त्यांनी सल्फाइडचा वास ओळखायला कुत्राही शिकवला. लारी त्याचं नाव. मातीखालचे धोंडे शोधण्यात तो माणसांपेक्षा सरस निघाला.

डासांबद्दल, अस्वलांबद्दल सगळे सांगतीलच. शिट्टी गळ्यात ठेवा, बॅगेत नको.

नमुने, आणि जस्ताचं कुंपण

डोळ्याला जे दिसत नाही ते प्रयोगशाळा दाखवते. ताज्या रायोलाइटमध्ये सोडियम ऑक्साइड साधारण तीन-चार टक्के असतं. ते एक टक्क्याच्या खाली गेलेलं दिसलं की कान टवकारा. १९७६ साली जपानमधल्या याच प्रकारच्या, कुरोको नावाच्या साठ्यांसाठी इशिकावा आणि सहकाऱ्यांनी एक साधा निर्देशांक दिला, तो आजही रोज वापरतो: पोटॅशियम आणि मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची बेरीज भागिले त्या दोघांसह सोडियम आणि कॅल्शियमच्या ऑक्साइडची बेरीज, गुणिले १००.

कागदावर करून बघा. उदाहरणादाखल एका ताज्या खडकात पोटॅशियम २.५, मॅग्नेशियम १, सोडियम ४, कॅल्शियम २ टक्के धरा. ३.५ भागिले ९.५, म्हणजे ३७. दुसऱ्यात पोटॅशियम ३, मॅग्नेशियम ५, सोडियम ०.३, कॅल्शियम ०.४. आता ८ भागिले ८.७, म्हणजे ९२. दोन्ही नमुन्यांत तांबं शून्य असलं तरी दुसरा नमुना तुम्हाला काहीतरी सांगतोय. असे पन्नास आकडे नकाशावर रंगवले की नळी आपोआप उमटते.

दोन सावधगिऱ्या. हातातला पोर्टेबल एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) सोडियम मोजत नाही, ते मूलद्रव्य त्याच्यासाठी फार हलकं आहे. त्यामुळे नमुना लॅबला पाठवावाच लागतो. आणि भारतातल्या उष्ण-दमट हवेत साधं कुजणंसुद्धा सोडियम-कॅल्शियम काढून नेतं. बैतूलमध्ये वरवरचा पिवळट दगड पाठवलात तर प्रत्येक टेकडी खाण वाटेल. घण मारून आतला ताजा तुकडा काढा.

मातीचे नमुने घेताना माझी एक फजिती झाली. जस्ताचे वाढीव आकडे नकाशावर अगदी सरळ रेषेत आले, जवळजवळ आठशे मीटर. मी रात्री उशिरापर्यंत जागून त्याला फॉल्ट ठरवलं. दुसऱ्या दिवशी रेषेवर जाऊन उभा राहिलो तर बाजूला गवतात जुन्या काटेरी तारेचं कुंपण पडलेलं. तारेवर जस्ताचा मुलामा असतो. तो वर्षानुवर्षं मातीत उतरला होता. गॅल्व्हनाइज्ड बादली, पत्र्याचं छप्पर, ड्रिलच्या रॉडला लावायचं ग्रीस, सगळ्यांतून जस्त नाहीतर तांबं येऊ शकतं. या साठ्यांत सोनं-चांदीही तपासतात, म्हणून नमुना हाताळताना अंगठी काढून ठेवा. आईने दिलेली असली तरी.

विमान, तारा आणि ग्राफाइट

पायरोटाइट (लोखंडाचं आणखी एक सल्फाइड), चाल्कोपायराइट वीज वाहून नेतात. विमानाला नाहीतर हेलिकॉप्टरला तारेचं वेटोळं लावून जमिनीत विद्युतप्रवाह निर्माण करायचा आणि कुठे तो रेंगाळतो ते मोजायचं, यालाच इलेक्ट्रोमॅग्नेटिक सर्व्हे म्हणतात. साइटवर सगळे 'ईएम' म्हणतात.

याचं गाजलेलं उदाहरण किड क्रीक. टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीने मार्च १९५९मध्ये पूर्व कॅनडात पंधरा हजार चौरस मैलांवर विमान फिरवलं. हा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळपास एक अष्टमांश होतो. त्यात ढीगभर अॅनॉमली, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळे सिग्नल देणाऱ्या जागा निघाल्या. टिमिन्सजवळची किड-५५ त्यातलीच एक. जमिनीवरचा सर्व्हे व्हायला २९ ऑक्टोबर १९६३ उजाडला, म्हणजे साडेचार वर्षांनी. वर चिकणमाती होती. विमानातून सिग्नल आला नसता तर तिथे कोणी फावडंही मारलं नसतं.

पण ईएमवर भाळू नका. ग्राफाइट असलेली काळी शेल (चिखलापासून झालेला खडक)सुद्धा वीज वाहते आणि ज्वालामुखी पट्ट्यांत ती मुबलक आहे. माझा ढोबळ नियम: किलोमीटरच्या किलोमीटर पळणारी लांब रेघ असेल तर बहुधा ग्राफाइट, तोकडी, एकटी, ठसठशीत आणि जोडीला बारीकसा चुंबकीय उठाव असेल तर आधी तिथे जा. हा नियम चुकतो, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

शुद्ध स्फॅलेराइट वीज वाहत नाही, हे तर विसरूच नका. जस्ताने भरलेला पण पायरोटाइट नसलेला गोळा ईएमला दिसणारही नाही. तिथे गुरुत्वमापन कामी येतं: आजूबाजूच्या खडकाची घनता २.७ ते २.९ आणि सलग सल्फाइडची चारच्या वर. जस्त शोधत असाल तर बॉसला ग्रॅव्हिटीचं बजेट मागा. तो आधी नाही म्हणेल.

ड्रिल आणि कोअर

होल लावताना ते थरांना आडवं छेदेल असं लावा. थर उभे आणि होल जमिनीशी ५० अंश कललेलं असेल, तर कोअरमध्ये (होलमधून निघणाऱ्या खडकाच्या दांड्यात) मिळालेले २० मीटर म्हणजे खरी जाडी फक्त १३ मीटरच्या आसपास. अहवालात कोअरची लांबी आणि खरी जाडी वेगवेगळी लिहा. होल खाली जाताना वाकतंही, म्हणून ठरावीक अंतरावर त्याची दिशा मोजून घ्या.

आता कोअर शेड. इथेच नवा माणूस ओळखला जातो. बॉक्स आले की लगेच वाकून बघू नका. सगळे ओळीने मांडा, लाकडी ठोकळ्यांवरचे मीटर क्रमाने आहेत ना तपासा (ठोकळे उलटे पडतात, अगदी सर्रास), स्प्रेने पाणी मारा आणि दहा फूट लांब उभं राहून रंग कुठे बदलतो ते बघा. फिका राखाडी, मग चकचकीत पिवळसर, मग हिरवा-काळा. ती तुमची नळी. मग जवळ जा.

खिशात चाकू, भिंग, दोऱ्याला बांधलेलं चुंबक आणि पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडची बाटली. पिवळं दिसलं की चाकू ओढा: ओरखडा उमटला आणि पूड हिरवट काळी आली तर चाल्कोपायराइट; चाकू घसरला तर पायराइट. ब्राँझसारखा तांबूस रंग आणि चुंबक झुकलं तर पायरोटाइट. स्फॅलेराइट फसवतं. लोखंड जास्त असेल तर ते काळपट, मळकट दिसतं, कोणी त्याला क्लोराइट समजून पुढे जातं. ओरखडून पूड बघा, फिकट तपकिरी येते. पुडीवर अॅसिडचा थेंब टाका आणि नाक जवळ न्या. सडक्या अंड्याचा वास आला की लॉगमध्ये जस्त लिहा.

टक्केवारीचा अंदाज रोज करा. चाल्कोपायराइटमध्ये साधारण ३५ टक्के तांबं असतं, म्हणून तीन टक्के चाल्कोपायराइट म्हणजे एक टक्का तांबं, असं सगळे धरतात. पण डोळा आकारमान बघतो आणि लॅब वजन मोजते. चाल्कोपायराइट खडकापेक्षा दीडपट जड. डोळ्याला तीन टक्के दिसलं तर वजनाने साडेचारच्या जवळ, म्हणजे तांबं दीड टक्का. स्वतःचे अंदाज एका वहीत लिहा आणि लॅबचे आकडे आले की शेजारी मांडा. दोन महिन्यांत तुमचा डोळा कुठल्या बाजूला चुकतो ते कळतं.

नमुना करवतीने उभा कापा, अर्धा पाठवा, अर्धा बॉक्समध्ये. अंदाजे दर वीस नमुन्यांत एक माहीत असलेला मानक, एक कोरा (धातू नसलेला) आणि एक दुबार नमुना घुसवा. कोरा नमुना सगळ्यांत श्रीमंत तुकड्यानंतर लावा. लॅबच्या गिरणीत आधीची पूड राहिली असेल तर तो पकडून देतो.

आणि होल बंद करायच्या आधी एक प्रश्न: ईएमने ज्या गोष्टीचा सिग्नल दिला ती कोअरमध्ये दिसली का? मल्टिमीटरच्या दोन सुया कोअरला टेकवून बघा, सलग पायरोटाइट असेल तर काटा हलतो. ग्राफाइट नाही, सल्फाइड नाही आणि तरी सिग्नल भक्कम होता, तर तुम्ही त्याला हुकवलंय. होलमध्ये ईएमचा प्रोब उतरवा, तो बाजूला काय आहे ते सांगतो. मॅनिटोबात स्नो लेकजवळचा लालोर साठा जमिनीखाली जवळपास आठशे मीटरवर होता. जमिनीवरच्या खोल ईएमने खूण दिली आणि २००७ला होल त्याला लागलं. जुन्या खाणींच्या शेजारी, वर्षानुवर्षं लोक ज्याच्या वरून चालत होते तिथे.

सापडलं तर

किड क्रीकचं पहिलं होल, के-५५-१, ८ नोव्हेंबर १९६३ला सुरू झालं आणि १२ तारखेला ६५५ फुटांवर थांबलं. जागेवर बसून नुसत्या डोळ्याने केलेला अंदाज होता: ५९९ फुटांत तांबं १.१५ टक्के, जस्त ८.६४ टक्के. पुढे लॅबने ६०२ फुटांवर १.१८ आणि ८.२६ सांगितलं. वर लिहिलेली वही का ठेवायची, ते यावरून समजेल.

आजूबाजूची जमीन अजून कंपनीच्या हातात नव्हती. म्हणून ड्रिल हलवलं, जागा झाकली, मुद्दाम लांब दुसरं होल मारून त्याचा रिकामा कोअर दाखवायला ठेवला, आणि ड्रिलिंग परत सुरू झालं ते थेट ३१ मार्च १९६४ला. १६ एप्रिलला किमान अडीच कोटी टनांची घोषणा झाली. मधल्या काळात आतल्या काही जणांनी कंपनीचे शेअर घेतले होते. खटला झाला आणि १९६८चा निकाल अमेरिकेत इनसायडर ट्रेडिंगवरचा पायाचा निकाल मानला जातो. खाण पुढे कित्येक दशकं चालली, तीन किलोमीटर खोल उतरली.

तेव्हा कोअर शेडमध्ये मोबाइल खिशातच राहू दे. बॉक्सचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नका, "बघ काय पिवळं आहे" म्हणूनही नाही. कंपनीचे शेअर घेऊ नका, भावाला घ्यायला सांगू नका. घरून फोन येईल, आई विचारेल, "काय रे, सापडलं का काही?"

"दगड," म्हणायचं.